दिवा राहिला, पहारा गेला

भर समुद्रातल्या एखाद्या निर्मनुष्य बेटावरच्या स्वयंचलित दीपगृहाचं पुढे काय करायचं, हा प्रश्न कुठल्याही देशात निघाला की वाद ठरलेल्या दोन वाटांनीच जातो. एका बाजूचे लोक जुना फोटो पुढे करतात: दगडी मनोरा, दारात उभा असलेला दाढीवाला रखवालदार, मागे खवळलेला समुद्र. यंत्रानं माणसाला हुसकावलं, त्याला परत आणा, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या बाजूचे लोक खिशातला मोबाइल काढून दाखवतात. वर उपग्रह आहेत, जहाजावर इलेक्ट्रॉनिक नकाशे आहेत, मग त्या खडकावर दिवा तरी कशाला ठेवायचा? पहिल्यांना रखवालदार हवा, दुसऱ्यांना दिवाही नको. एवढं हमरीतुमरीवर येऊनही एका बाबतीत दोघांचं नकळत एकमत असतं: दीपगृह म्हणजे दिवा, आणि रखवालदार म्हणजे तो लावणारा माणूस. या वादाचा सगळा घोळ मला या एकमतातच दिसतो.

रखवालदार दिवा लावत होता हे खरंच. पण तो रात्रंदिवस समुद्राकडे बघतही होता. आणि तिसरं, सहसा कुणाच्या लक्षात न येणारं काम म्हणजे तो त्या बेटावर होता. इमारतीला तडा गेला, धक्क्याची पायरी वाहून गेली, कुणी परका उतरला, तर ते कळणारं आणि त्याचा जाब देणारं कुणीतरी जागेवर होतं. यातलं पहिलं काम यंत्र माणसापेक्षा चांगलं करतं, त्यामुळे ते माणसाकडे परत सोपवा ही मागणी मला पटत नाही. मात्र उरलेली दोन कामं यंत्राकडे कधी सोपवलीच गेली नाहीत. शेवटचा रखवालदार बेट सोडून गेला तेव्हा त्याच्याबरोबर तीही गेली. ती नकोत असं कुणी ठरवलं म्हणून गेली असती तर निदान त्यावर भांडता आलं असतं. ती गेली, कारण त्यांना वेगळं नावच नव्हतं; दिव्याच्या खर्चात ती फुकट मिळत होती.

आधी इतिहासाचा एक गैरसमज दूर करायला हवा. स्वयंचलित दीपगृह हे संगणकाचं किंवा अलीकडच्या खर्चकपातीचं अपत्य आहे, असं बहुतेकांना वाटतं. स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांनी १९०७ मध्येच सूर्यप्रकाशावर चालणारी झडप तयार केली होती. मध्ये एक काळी दांडी आणि तिच्याभोवती चकचकीत दांड्या, एवढीच तिची रचना. उजाडलं की काळी दांडी जास्त उष्णता शोषून इतरांपेक्षा किंचित अधिक लांबते आणि ॲसिटिलीन वायूची वाट बंद करते. अंधारलं की ती आखडते, वायू सुटतो आणि सतत तेवत असलेल्या बारीक ज्योतीवर दिवा पेटतो. वीज लागत नाही आणि घड्याळही लागत नाही. वायूचा अखंड प्रवाह न सोडता तो मोजक्या झोतांत सोडण्याची सोयही त्यांनी केली, त्यामुळे वायूचा साठा महिनोन्महिने पुरू लागला. या कामासाठी त्यांना १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी ॲसिटिलीनच्या चाचणीत स्फोट होऊन त्यांची दृष्टी गेली आणि पारितोषिक त्यांच्या भावानं स्वीकारलं. तरीही १९३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते आपली कंपनी चालवत राहिले. म्हणजे पहिलं महायुद्ध सुरू होण्याआधीच, आसपास कुणीही राहत नसलेल्या खडकांवर रात्री आपोआप दिवे लागत होते.

मग मोठ्या दीपगृहांतला माणूस त्यानंतरही इतकी दशकं का टिकला? काही कारणं यांत्रिक होती. टनावारी वजनाची भिंगं फिरवणाऱ्या यंत्रांना चावी द्यावी लागे, धुक्याचा भोंगा वाजवण्यासाठी इंजिनं चालवावी लागत. ही कारणं एकेक करून संपली. इंग्लंडच्या दक्षिणेला भर समुद्रातल्या खडकावर उभं असलेलं एडिस्टोनचं दीपगृह १८ मे १९८२ ला स्वयंचलित झालं, सध्याचा मनोरा सुरू झाला त्याला बरोबर शंभर वर्षं झाली त्या दिवशी. ब्रिटनमधला शेवटचा रखवालदार १९९८ मध्ये नॉर्थ फोरलंडहून गेला, जपानमधला २००६ मध्ये मेशिमा बेटावरून. पण दालेनच्या झडपेनंतरही हा माणूस इतकी वर्षं तिथे ठेवला गेला त्याचं एक कारण यांत्रिक नव्हतं: तो बाकी जे करत होता त्याला पर्याय नव्हता. ते बाकीचं काम पर्याय न शोधताच सोडून दिलं गेलं, ही गोष्ट हळहळणारे आणि हिशेब मांडणारे दोघेही डोळ्याआड करतात.

यंत्राच्या हाती दिवा सुरक्षित नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी दोन जुन्या घटना शेजारी ठेवून बघाव्यात. वेल्सच्या किनाऱ्यापासून दूर स्मॉल्स नावाच्या खडकांवर १८०१ च्या सुमारास थॉमस हॉवेल आणि थॉमस ग्रिफिथ असे दोन रखवालदार होते. ग्रिफिथ मेला. दोघांचं पटत नव्हतं हे जगजाहीर होतं, त्यामुळे प्रेत समुद्रात सोडलं तर खुनाचा आळ येईल या भीतीनं हॉवेलनं पेटी ठोकून ते बाहेर बांधून ठेवलं आणि वादळं चालू असताना एकट्यानं दिवा लावत राहिला. जवळून जाणाऱ्या जहाजांना दिवा नेमानं दिसत होता, त्यामुळे आत काही बिनसलं असेल अशी शंकाच कुणाला आली नाही. सुटका झाली तेव्हा हॉवेल ओळखू न येण्याइतका खंगला होता. यानंतर ब्रिटनमध्ये अशा दीपगृहांवर तीन माणसं ठेवण्याची रीत पडली. पुढे शंभर वर्षांनी, स्कॉटलंडच्या पश्चिमेला फ्लॅनन बेटांवर, तिन्ही रखवालदार नाहीसे झाले. १५ डिसेंबर १९०० च्या रात्री तिथून गेलेल्या ‘आर्क्टर’ या जहाजाला दिवा दिसला नाही, पण ही बातमी वेळेवर योग्य ठिकाणी पोहोचलीच नाही. पुरवठ्याचं जहाज ‘हेस्पेरस’ खराब हवामानामुळे रखडलं आणि २६ डिसेंबरला बेटावर लागलं, तेव्हा उलगडा झाला. म्हणजे निदान अकरा रात्री तो दिवा बंद होता.

या रहस्यावर आजवर ढिगानं लिहिलं गेलंय; भुतं, समुद्रसर्प, भांडणं, काही शिल्लक ठेवलेलं नाही. चौकशीचा निष्कर्ष साधा होता: पश्चिमेच्या धक्क्यावर काम करताना लाटेनं ओढून नेलं असावं. मला या रहस्यापेक्षा त्या अकरा रात्री जास्त बोलक्या वाटतात. स्मॉल्सवर दिवा जळत होता म्हणून कुणाला काही कळलं नाही आणि फ्लॅननवर दिवा विझला तरी कुणाला काही कळलं नाही. दोन्ही ठिकाणी माणूस दिव्याकडे बघत होता, पण दिव्यावर आणि त्या माणसावर खात्रीनं नजर ठेवता येईल अशी सोय किनाऱ्यावर नव्हती. फ्लॅननचं दीपगृह १९७१ मध्ये स्वयंचलित झालं आणि आज त्याची देखरेख एडिंबरामधून होते. दिवा बंद पडला, बॅटरी उतरली तर तशी सूचना दूरवरच्या नियंत्रण कक्षात जाते, राखीव दिवा आपोआप सुरू होतो, खलाशांसाठी इशारा प्रसारित होतो. सागरी मार्गदर्शक साधनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं सर्वांत महत्त्वाच्या दिव्यांसाठी ९९.८ टक्के उपलब्धतेची अपेक्षा ठेवली आहे, म्हणजे हजार दिवसांत फार तर दोन दिवस बंद. जुन्या रखवालदारांच्या निष्ठेबद्दल मला यत्किंचितही शंका नाही. पण दिवा चालू आहे की नाही हे बेटाबाहेर कुणाला तरी तत्काळ कळणं, ही गोष्ट निष्ठेनं साधणारी नव्हती.

शिवाय त्या नोकरीची किंमत काय होती? १ एप्रिल १९४६ ला अलास्काच्या अल्यूशन द्वीपमालेतल्या युनिमॅक बेटावर स्कॉच कॅपचं काँक्रीटचं दीपगृह त्सुनामीनं पायापासून उखडलं आणि आतले पाचही जण मेले. निकोबारच्या दक्षिण टोकाला, इंदिरा पॉइंटला, २००४ च्या भूकंपानं जमीन चार मीटरहून अधिक खचली आणि तिथे राहणारी माणसं लाटांनी नेली. मनोरा मात्र पाण्यात उभा राहिला. असे मोठे अपघात नोंदले तरी जातात. जड भिंग सहज फिरावं म्हणून ते पाऱ्याच्या कुंडात तरंगत ठेवलेलं असे आणि तो पारा गाळून स्वच्छ करणं हा रखवालदाराच्या नित्यकर्माचा भाग होता. बंद खोलीत वर्षानुवर्षं त्याची वाफ छातीत घेतलेल्या माणसांचा हिशेब कुणी ठेवला? एकांताबद्दल तर बोलायलाच नको. प्रशांत महासागरातल्या क्लिपर्टन बेटावर मेक्सिकोची छोटी तुकडी होती. मेक्सिकोतल्या यादवीत पुरवठा थांबला, स्कर्व्हीनं आणि बुडून जवळजवळ सगळे पुरुष मेले. मागे उरलेला दीपगृहाचा रखवालदार व्हिक्टोरियानो आल्वारेस स्वतःला राजा म्हणवून उरलेल्या बायकांवर अत्याचार करू लागला. १९१७ च्या जुलैमध्ये त्या बायकांनीच त्याला ठार मारलं आणि त्यानंतर लगेचच अमेरिकी युद्धनौका तिथे पोहोचली. हा अपवादच आहे, मान्य. पण फोटोतल्या दाढीवाल्या आजोबांना नियम मानणाऱ्यांनी अपवादांची यादी इतक्या सहज बाजूला सारू नये.

माणूस असला की बेटाची काळजी घेतली जाते, हेही अर्धंच खरं. न्यूझीलंडच्या स्टीव्हन्स बेटावर १८९४ मध्ये दीपगृह सुरू झालं. त्याच सुमारास तिथे मांजरं आली. न उडता जमिनीवर धावणारा एक चिमुकला पक्षी त्या वेळी जगात फक्त याच बेटावर उरला होता. विज्ञानाला त्याची ओळख झाली आणि तो संपला, यांत जेमतेम वर्षाचं अंतर. (एकाच मांजरानं अख्खी जात संपवली ही गोष्ट ऐकायला झकास आहे, पण ती खरी नाही, बेटावर रानटी झालेली अनेक मांजरं होती.) आपण बेटावर माणूस ठेवतो तेव्हा त्याचं जळण, त्याच्या शेळ्या, त्याचे उंदीर, त्याची मांजरंही ठेवतो. समुद्रपक्ष्यांच्या घरट्यांच्या दृष्टीनं बघितलं तर कित्येक बेटांवर रखवालदाराचं जाणं हीच सगळ्यांत चांगली घटना ठरेल.

इथवर वाचून हिशेबी मंडळी खूश झाली असतील. त्यांच्याकडे येण्याआधी रखवालदाराच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा मांडायला हवा, कारण तो रखवालदाराच्या समर्थकांनाही नीट मांडता येत नाही. ७ सप्टेंबर १८३८ च्या पहाटे इंग्लंडमधल्या लाँगस्टोन दीपगृहाच्या खिडकीतून रखवालदाराची मुलगी ग्रेस डार्लिंग हिला खडकावर फुटलेलं ‘फॉरफारशायर’ हे जहाज दिसलं आणि तिनं वडिलांबरोबर होडी घालून माणसं वाचवली. एकूण नऊ जण त्या खडकावरून सुटले. ही कथा शौर्याची म्हणून सांगितली जाते. तिच्यातला एक तपशील मात्र गाळला जातो. त्या रात्री लाँगस्टोनचा दिवा व्यवस्थित जळत होता, तरी जहाज फुटलं. दिव्याचं काम जिथे संपलं, तिथून पुढचं काम खिडकीतल्या डोळ्यांनी आणि होडीनं केलं.

कॅनडाचा अनुभव याच मुद्द्याला धरून आहे. ब्रिटिश कोलंबिया आणि न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यांवर आजही सुमारे पन्नास दीपगृहांवर माणसं राहतात. तिथल्या सरकारनं ती काढून घेण्याचा घाट एकदा नव्हे, अनेकदा घातला. २००९ मध्ये पुन्हा तसा निर्णय झाला, तेव्हा मच्छीमार, छोट्या बोटींचे मालक आणि पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचे चालक खवळून उठले. निर्णय स्थगित झाला आणि सिनेटच्या समितीनं लोकांचं म्हणणं ऐकून २०१० मध्ये माणसं काढू नका असा अहवाल दिला. त्या लोकांना दिव्याची चिंता नव्हतीच. दिवा तर केव्हाचा स्वयंचलित झाला होता. त्यांना हवा होता तो ‘आत्ता इथे लाट केवढी आहे आणि पश्चिमेकडून धुक्याची भिंत येतेय’ हे रेडिओवर सांगणारा आवाज. हवामानाचं यंत्र वाऱ्याचा वेग सांगतं, वायुभार सांगतं. खाडीच्या तोंडाशी पाणी कसं उसळतंय हे बघून ‘आज निघू नका’ असं ते म्हणत नाही.

हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून दीपगृहावर कुटुंब ठेवा हा निष्कर्ष कसा निघतो? दीपगृहाची जागा ठरते जहाजाला धोका कुठे आहे यावरून. पहाऱ्याची जागा ठरायला हवी माणसं कुठे अडचणीत येतात यावरून. या दोन जागा कधी एक असतात, बरेचदा नसतात. तीस मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे वीस किलोमीटरवर असतं. किनाऱ्यापासून लांब, फारशी वाहतूक नसलेल्या बेटावर त्या वीस किलोमीटरांत वर्षभर काहीच घडणार नाही, आणि जवळच्या मासेमारीच्या पट्ट्यावर कुणाचीच नजर नसेल. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या लिझर्ड टोकाजवळ नेमकं हेच झालं. बास पॉइंटची तटरक्षक दलाची टेहळणी चौकी बंद झाली आणि नंतर तिच्या पायथ्याशीच दोन मच्छीमार बुडाले. त्यातून १९९४ मध्ये नॅशनल कोस्टवॉच इन्स्टिट्यूशन ही स्वयंसेवी संघटना उभी राहिली. आज तिच्या पन्नासहून अधिक चौक्या आहेत आणि त्यांत स्थानिक लोक पाळीपाळीनं दुर्बीण घेऊन बसतात. ही चौकी दीपगृह नव्हती, म्हणूनच हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. पहारा हे स्वतंत्र काम आहे, ते दिव्यापासून वेगळं काढता येतं, वेगळ्या जागी करता येतं आणि त्याला वेगळे पैसे लागतात. भर समुद्रातल्या बेटावर त्याचं रूप वेगळं असेल: मनोऱ्यावर कॅमेरा, लाटांची नोंद, जहाजांची ओळख टिपणारा आणि व्हीएचएफ रेडिओचा संदेश पुढे पोहोचवणारा संच. फक्त त्या कॅमेऱ्यासमोर किनाऱ्यावर कोण बसणार, कुठल्या पाळीत, हे ठरलेलं असलं पाहिजे. कुणी बघत नसलेला कॅमेरा हा फक्त अपघातानंतरच्या चौकशीला उपयोगी पडतो.

बेटावर ‘असणं’ या तिसऱ्या कामाबद्दलही असंच. मेन आणि न्यू ब्रन्सविक यांच्यामधलं माचायस सील हे इवलंसं बेट कॅनडा आणि अमेरिका दोघेही आपलं म्हणतात. तिथला दिवा चालवायला माणसाची गरज नाही, तरी कॅनडा तिथे रखवालदार ठेवतो आणि कारण उघड आहे. मग दिवा लावला की बेट आपलं होतं का? सिंगापूर सामुद्रधुनीच्या पूर्वेकडच्या तोंडाशी पेद्रा ब्रांका खडकावर १८५१ पासून हॉर्सबर्ग दीपगृह आहे. त्यावरचा सिंगापूर आणि मलेशियाचा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि २००८ मध्ये खडक सिंगापूरला मिळाला. न्यायालयानं निव्वळ दिवा चालवण्याला सार्वभौमत्वाचा पुरावा मानलं नाही. मूळ मालकी जोहोरची, म्हणजे आज मलेशियात असलेल्या संस्थानाची, होती असंच त्यानं धरलं. पण १९५३ च्या एका पत्रात जोहोरच्या अधिकाऱ्यानं या खडकावर आपला दावा नाही असं लिहून दिलं होतं, आणि त्यानंतर भोवतीच्या पाण्यातल्या अपघातांची चौकशी कोण करतंय, खडकावर उतरायला परवानगी कोण देतंय, याला न्यायालयानं वजन दिलं. दिव्याभोवती काय केलं जातं याला किंमत आहे, आणि ते करायला माणूस तिथे कायम राहायलाच हवा असं नाही. नियमित जाणं, नोंद ठेवणं आणि जबाबदारी घेणं पुरतं.

आता मोबाइलवाल्यांकडे. त्यांचा मुद्दा पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. मोठ्या व्यापारी जहाजाचा अधिकारी आज दीपगृह बघून रस्ता शोधत नाही. इलेक्ट्रॉनिक नकाशा, रडार, उपग्रहांवरून मिळणारं स्थान, यांमुळे समुद्रप्रवास पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित झालाय, आणि काही दिवे असे आहेत की ज्यांची आता खरोखर गरज नाही. पण ‘जीपीएस आहे, मग दिवा कशाला’ हा युक्तिवाद पाण्यावर टिकत नाही. १९९५ च्या जूनमध्ये ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनकडे निघालं. निघाल्यावर थोड्याच वेळात जीपीएसच्या अँटेनाची वायर निखळली आणि यंत्र मुकाट्यानं अंदाजपंचे स्थान दाखवू लागलं. सुमारे ३४ तास ते कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी जहाज नॅन्टकेट बेटाजवळच्या उथळ वाळूत रुतलं तेव्हा ते आपल्या मार्गापासून १७ मैल भरकटलेलं होतं. जहाजावर दीड हजारावर माणसं होती. नशिबानं कुणी मेलं नाही. चौकशीतला सगळ्यात झोंबणारा भाग वेगळाच आहे: टेहळणीवरच्या खलाशांनी न जुळणारे दिवे पाहिले होते, पाण्याचा बदललेला रंग पाहिला होता, तसं सांगितलंही होतं. जहाज हाकण्याच्या कक्षातल्या अधिकाऱ्यानं मात्र पडद्यावर विश्वास ठेवला.

यावर कुणी म्हणेल, मग दिवे असूनही काय उपयोग झाला? प्रश्न रास्त आहे. दिवा असणं पुरेसं नाही, तो बघण्याची सवयही लागते. पण दिवाच नसेल तर सवय कशाची लावणार? दिव्याचा खरा उपयोग उपग्रहाशी स्पर्धा करण्यात नाही. उपग्रहाचं खोटं पकडण्यासाठी एक असा साक्षीदार लागतो, ज्याचा त्या उपग्रहाशी काडीचाही संबंध नाही. आणि खोटं आता चुकून बोललं जातं असंही राहिलेलं नाही. २०१७ च्या जूनमध्ये काळ्या समुद्रातल्या वीसेक जहाजांना त्यांची यंत्रं सांगत होती की तुम्ही आत जमिनीवर, एका विमानतळावर आहात. त्यानंतर बाल्टिकपासून आखातापर्यंत असे खोटे संकेत ही नित्याची बाब झाली आहे. उपग्रहांना पर्याय म्हणून जमिनीवरून चालणारी लोरान ही रेडिओ यंत्रणा होती. तिची गरज संपली म्हणत अमेरिकेनं ती २०१० मध्ये मोडली आणि ब्रिटननं तिची सुधारित आवृत्ती २०१५ च्या अखेरीस बंद केली. आता तसलंच काहीतरी पुन्हा उभारावं म्हणून सगळ्यांची धावपळ चालू आहे. एकदा हात पोळल्यावर दिव्यांबाबत तेच तर्कट पुन्हा ऐकवलं जावं, हे मला अनाकलनीय वाटतं.

‘गरज संपली’ हे मुळात कोण ठरवतं? अर्थशास्त्राच्या पुस्तकांत दीपगृह हे सार्वजनिक सेवेचं हमखास उदाहरण असे: उजेड सगळ्यांना दिसतो, कुणाकडून पैसे मागणार? अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं की ब्रिटनमध्ये जहाजांकडून बंदरात दीपशुल्क घेतलं जात होतं आणि कित्येक दीपगृहं खासगी माणसांनीही चालवली होती. तो वाद अर्थतज्ज्ञांनी चघळावा. आपल्या कामाचा भाग असा की जिथे अशी शुल्कं आहेत तिथे ती मुख्यतः मोठ्या व्यापारी जहाजांकडून येतात, आणि दिव्याची गरज सगळ्यात कमी याच जहाजांना असते. गरज सर्वाधिक त्या तांडेलाला, ज्याच्या मचव्यावर एकच स्वस्तातला जीपीएस संच आहे आणि त्याची बॅटरी रात्री दोनला उतरली आहे. तो शुल्क देत नाही, म्हणून त्याला कुणी विचारत नाही. समुद्रावरच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारात, म्हणजे सोलासमध्ये, वाहतुकीचं प्रमाण आणि धोक्याची पातळी या दोन्हींनुसार मार्गदर्शक साधनं पुरवणं ही सरकारांची जबाबदारी मानली आहे. खर्च कमी करायचा असला की वाहतूक मोजली जाते, धोका मोजायचा राहून जातो.

आणि जे दिवे ठेवले जातात त्यांची तरी निगा कशी राखली जाते? सोव्हिएत संघानं आर्क्टिकच्या निर्जन किनाऱ्यांवरच्या दिव्यांसाठी किरणोत्सारी स्ट्राँशियम-९० च्या उष्णतेवर वीज करणारे संच बसवले होते, सुमारे हजार. वर्षानुवर्षं माणसाची गरज नाही, यापेक्षा परिपूर्ण स्वयंचलन कुठलं? मग देश कोसळला, पाहणी थांबली आणि भंगारचोर पोहोचले. २००३ मध्ये बाल्टिकच्या किनाऱ्यावर धातूसाठी एका दीपगृहाचा संच फोडून चोरांनी त्याचा जळता किरणोत्सारी गाभा तिथेच टाकून दिला. तो उथळ पाण्यात सापडला. पुढे हे संच काढून टाकण्यासाठी नॉर्वे, अमेरिका अशा देशांना मदतीला यावं लागलं आणि बऱ्याच जागी सौर पॅनेल आली. सौर पॅनेलवरच्या एलईडी दिव्याचा असा धोका नाही हे उघड आहे. तरी दूरवरच्या पडद्यावर काय दिसतं ते ध्यानात घ्या: दिवा चालू, बॅटरी ठीक. छताला गळती आहे का, मनोऱ्याच्या दगडांतला चुना सुटलाय का, बेटावर उंदीर उतरलेत का, यातलं काहीही त्या पडद्यावर येत नाही. दिवा वर्षानुवर्षं ९९.८ टक्के राहील आणि एके दिवशी त्याच्याखालचा मनोरा दुरुस्तीपलीकडे गेल्याचं कळेल. मग ‘आता खर्च परवडत नाही’ म्हणून जे सांगितलं जाईल, ते आपणच वीस वर्षं साठवलेलं बिल असेल.

म्हणून वाद घालायचाच असेल तर ‘माणूस की यंत्र’ हा प्रश्न सोडून द्यावा आणि संबंधित खात्याला काही रुक्ष गोष्टी विचाराव्यात. हा दिवा गेल्या तीन वर्षांत किती तास बंद होता, आणि तो आकडा जाहीर का नाही? बेटावर शेवटचं कोण, कधी गेलं, आणि त्यानं काय लिहिलं? या पाण्यात बोट उलटली तर ते सगळ्यात आधी कुणाला दिसेल, की दिसणारच नाही? अंदाजपत्रकात दिवा, पहारा आणि बेटाची निगा यांचे आकडे वेगळे आहेत का? हे सगळं केलं तरी खर्च तीन माणसं, त्यांचा शिधा, त्यांची बोट आणि बदलीच्या फेऱ्या यांच्यापेक्षा कमीच येईल. त्यामुळे स्वयंचलनातून वाचलेल्या पैशातला एक हिस्सा या दोन अनाथ कामांवर परत यावा, ही मागणी अवास्तव नाही. आणि अशी तपासणी करून, छोट्या बोटीवाल्यांना विचारून, एखादा दिवा खरंच नको ठरला, तर तो बंद करायला माझी अजिबात हरकत नाही. फक्त ज्या आदेशानं तो बंद होईल त्याच आदेशात मनोऱ्याची मालकी कुणाकडे गेली, वर्षातून किती वेळा तिथे बोट जाणार आणि तिचे पैसे कुठून येणार, हेही लिहिलेलं असावं.